सव्वीस पुंगळ्या

१

रायफल माझ्या टेबलावर होती, आणि जे तिच्यात असायला नको होतं, नेमकं तेच तिच्यात होतं.

प्लास्टिकचं मॅगझिन. काळं, गुळगुळीत, बाजारातून विकत घेतलेलं.

मॅगझिन म्हणजे रायफलीला खालून जोडायचा तीस काडतुसांचा डबा. आतली स्प्रिंग एकेक काडतूस वर ढकलते. लष्कर देतं तो डबा पत्र्याचा. तो आमच्या जवानांना कधीच आवडला नाही. खडकावर आपटला की वाकतो. म्हणून पोरं पदरचे डॉलर मोडून प्लास्टिकचा घेत. महिन्यापूर्वी वरून लेखी हुकूम आला, की मंजुरी नसलेलं एकही मॅगझिन कुणाच्या रायफलीत दिसता कामा नये.

मी, लेफ्टनंट अँसेल रूर्क, कुनारच्या डोंगरातल्या टॉलिव्हर चौकीचा प्रमुख, तो हुकूम एका दिवसात अमलात आणला होता. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळल्या की मला झोप चांगली लागते. एकशे बारा प्लास्टिकची जमा, एकशे बारा पत्र्याची वाटप, एकास एक. सप्लाय सार्जंटने थोडी कुरकुर केली. मी म्हटलं, शोधा, संध्याकाळपर्यंत आकडा जुळायला हवा. संध्याकाळी आकडा जुळला.

आणि आता हे.

चार दिवसांपूर्वी पहाटे आमची सहा माणसं खालच्या पुलावर सापळ्यात सापडली. चौघं पुलाच्या तोंडाशी, दोघं मागे डाव्या बाजूला भिंतीआड. त्या दोघांतला एक कॉर्पोरल सिओने वायपुलू. त्याची रायफल तिसऱ्या गोळीनंतर अडकली. त्याला आडोसा द्यायला दुसरा, डेलमार हॅच, भिंतीआडून उठला आणि त्याच्या मांडीचं हाड चुरा झालं. हॅच आता जर्मनीतल्या इस्पितळात बेशुद्ध होता.

कर्नलचं म्हणणं सरळ होतं. रायफल अडकली, रायफलीत बंदी असलेलं मॅगझिन सापडलं, म्हणजे हॅचचा पाय वायपुलूच्या हट्टापायी गेला. गुरुवारच्या हेलिकॉप्टरने वायपुलूला खाली पाठवायचं. कोर्ट मार्शल, कॉर्पोरलच्या पट्ट्या काढून घेणं आणि बहुधा तुरुंग.

वायपुलू एकच वाक्य बोलत होता. "सर, मी पत्र्याचंच लावलं होतं. पुढचं मला विचारू नका."

मंगळवारी सकाळी हेलिकॉप्टरमधून एक बाई उतरली. पन्नाशीची, ठेंगणी, कमरेला लहानशी पिशवी. चीफ वॉरंट ऑफिसर अडेल ब्रूसार्ड, लष्कराच्या शस्त्रशाखेतून आलेली. तिने टेबलावरची रायफल पाहिली, मॅगझिन पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"लेफ्टनंट, त्या दिवशीच्या पुंगळ्या कुठे आहेत?"

"कुठल्या पुंगळ्या?"

"झाडलेल्या गोळ्यांच्या. रिकाम्या."

"पुलावर पडल्या असतील. कोण गोळा करणार?"

तिचा चेहरा एकदम उजळला. जणू मी तिला वाढदिवसाची भेट दिली होती.

२

पुलाकडे उतरण्याआधी तिला माणसं भेटायची होती. पहिला आला तो प्लाटून सार्जंट मोझली ट्रिप. पुलाच्या तोंडाशी होते त्या चौघांचा म्होरक्या.

"चीफ, तुम्ही प्लास्टिकवाल्या की पत्र्यावाल्या?" त्याने बसायच्या आधीच विचारलं.

"मी चालणाऱ्या रायफलीवाली. तुझी चालली का त्या दिवशी?"

"माझी माझ्या सासूसारखी आहे. थांबतच नाही."

"वायपुलूशी तुझं कसं आहे?"

ट्रिपने मान खाजवली. "बैल आहे तो. साडेसहा फूट. चर्चमध्ये गातो तेव्हा पत्रे हलतात. माझं त्याच्याशी एकदाच वाजलं. तो मॅगझिनमध्ये अठ्ठावीसच काडतुसं भरतो. म्हणे, जुन्या स्प्रिंगला दमवू नये, आजोबांनी सांगितलंय. मी म्हटलं, तुझे आजोबा इथे लढायला येणारेत का? दोन गोळ्या म्हणजे दोन गोळ्या."

"आणि हॅच?"

"हॅच तीस भरायचा. म्हणायचा, तीसच्या डब्यात अठ्ठावीस भरणारा माणूस पगारही अर्धाच घेत असेल. दोघं एकाच पोत्यावर झोपायचे आणि यावरून दिवसभर भांडायचे."

"त्या दिवशी डावीकडून कुणी मारलं?"

ट्रिपचा आवाज खाली आला. "चीफ, आम्ही संपलो होतो. पुलावरून पाच जण धावत येत होते आणि आमची डोकी वर निघत नव्हती. मग डावीकडून एक रायफल बोलायला लागली. एक, एक, एक. घाई नाही. कुणीतरी खिळे ठोकत बसल्यासारखं. ते पाचही जण परत फिरले, दोघं कायमचे आडवे झाले. वायपुलूच तो, दुसरं कोण? पहिल्यांदा अडकली, पण नंतर चालवली ना त्याने! आणि त्यालाच आता बेड्या. काय न्याय आहे!"

"तू त्याला शाबासकी दिलीस?"

"दिली. त्याने तोंड फिरवलं."

ब्रूसार्डने वहीत काहीतरी टिपलं. मी बाजूला बसून तिची पेन्सिल पाहत होतो. तिने फक्त दोन आकडे लिहिले होते, अठ्ठावीस आणि तीस.

पुढे वायपुलू आला. तो दारातून वाकून आत शिरला आणि तंबूत अंधार झाल्यासारखं वाटलं.

"बस, राजा," ती म्हणाली. "तुझ्या पाऊचमधली बाकीची सहा मॅगझिन मी उघडून मोजली. प्रत्येकात अठ्ठावीस. सगळी पत्र्याची."

"हो, चीफ."

"रायफलीत सापडलं ते प्लास्टिकचं तुझं आहे का?"

त्याने नुसती मान खाली घातली.

"माझी बत्तीस वर्षं यातच गेली. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारा माणूस नेहमी काहीतरी गोष्ट रचतो. तू गोष्टच सांगत नाहीस. याचा मला त्रास होतोय."

वायपुलू आपल्या प्रचंड पंज्यांकडे बघत राहिला. "चीफ, मला गुरुवारी जाऊ द्या. मी निभावून नेईन."

"तुरुंगात?"

"माणसं त्याहून वाईट निभावतात." तो उठला, आणि जाताना दारात थांबून पाठमोराच म्हणाला, "हॅच शुद्धीवर आला का?"

"अजून नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. पण त्याच्या खांद्यांकडे पाहून मला कळेना, की त्याला दुःख झालं की सुटल्यासारखं वाटलं.

३

पुलापर्यंत उतरायला पाऊण तास लागला. वर बर्फ वितळत होतं आणि नदी खडकांवरून इतक्या जोरात कोसळत होती की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. हल्ल्यानंतर गावाला पुलावर यायची बंदी होती, म्हणून पितळ गोळा करणारी मुलं इथे फिरकली नव्हती. ट्रिपची माणसं पहाऱ्याला बसली आणि ब्रूसार्ड भिंतीपाशी गुडघ्यांवर आली.

भिंत कमरेइतकी, रचलेल्या दगडांची. तिच्या उजवीकडे दोन-तीन मीटरवर तिला तीन पुंगळ्या मिळाल्या.

"वायपुलू इथे होता. रायफल रिकामी पुंगळी उजवीकडे फेकते. तीन गोळ्या, तीन पुंगळ्या. तो खरं बोलला. आता लेफ्टनंट, हे बघा."

तिने सोनाराचं असतं तसलं भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि पुंगळी उन्हात धरली.

मी शाळेपासून सूक्ष्मदर्शकात डोळा घालत आलोय. पण त्या सकाळी भिंगाखाली जे दिसलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. पितळेच्या अंगावर बाजूने दोन बारीक, चकचकीत ओरखडे, एकमेकांना समांतर, दूरच्या वाळवंटातून गेलेल्या दोन रुळांसारखे.

"मॅगझिनच्या तोंडाशी दोन कडा असतात, त्यांना आपण ओठ म्हणतो," ती म्हणाली. "काडतूस निघताना त्यांना घासून निघतं. पत्र्याचे ओठ पितळेवर असा ओरखडा काढतात. प्लास्टिकचे काढत नाहीत. प्रत्येक काडतूस आपण कुठून आलो ते अंगावर लिहून नेतं. वाचणारं कुणी नसतं, एवढंच."

तिन्ही पुंगळ्यांवर ओरखडे होते. अडकली त्या वेळी रायफलीत पत्र्याचंच मॅगझिन होतं.

"मग प्लास्टिकचं नंतर कुणीतरी घातलं!" मी ओरडलो. नदीमुळे ओरडावंच लागलं, पण मी तसाही ओरडलो असतो. "चौकीवर आणल्यावर! वायपुलूला अडकवायला!"

"कदाचित. अजून शोधू."

भिंतीपासून सहा पावलांवर दोन मोठे खडक होते, मध्ये हातभर फट. जमिनीवर काळपट डाग होता. हॅचला ओढून आणलं होतं ती हीच जागा. ब्रूसार्ड पोटावर झोपली, फटीत डोकं घातलं आणि बराच वेळ हललीच नाही.

"चीफ?"

"लेफ्टनंट," तिचा आवाज बदलला होता, "इकडे या. आणि कशाला हात लावू नका."

फटीच्या बुडाशी, उजव्या खडकाला लागून, पुंगळ्यांचा ढीग होता. पसरलेल्या नव्हत्या. माझा तळहात पालथा ठेवला असता तर झाकल्या गेल्या असत्या, इतका आटोपशीर ढीग. आणि खडकावर, जमिनीपासून फक्त वीतभर उंचीवर, पितळेचे सोनेरी ठिपके, एकावर एक, एकाच जागी.

आम्ही मोजल्या. सव्वीस.

एकीच्याही अंगावर ते दोन ओरखडे नव्हते.

४

"रायफलीत न झाडलेली काडतुसं किती सापडली?" तिने विचारलं. आम्ही खडकाला टेकून बसलो होतो.

"एक नळीत, तीन मॅगझिनमध्ये. चार."

"सव्वीस आणि चार?"

मला उत्तर द्यायची गरज नव्हती. तीस. वायपुलू अठ्ठावीस भरतो. हे मॅगझिन त्याने भरलेलं नव्हतं.

तिने भिंतीजवळची एक पुंगळी आणि ढिगातली एक शेजारी धरल्या. दोन्हींच्या बुडाशी काडतूस उडवणाऱ्या पिनचा ठसा सारखाच, रायफल पुंगळी जिथे पकडून बाहेर खेचते त्या कडेवर त्याच जागी तोच लहानसा ओरबाडा. "एकच रायफल. भिंतीपाशी तीन गोळ्या झाडल्या, मग ती रायफल सहा पावलं इकडे आली आणि इथे सव्वीस झाडल्या. म्हणजे मॅगझिन चौकीवर नाही, इथेच बदललं. लढाई चालू असताना."

ती पुन्हा जमिनीवर वाकली आणि बोटांनी खडी चाळू लागली. थोड्या वेळाने तिच्या तळहातावर दोन जिवंत काडतुसं होती. एकाचं टोक चेपलेलं. दोन्हींवर पत्र्याचे ओरखडे.

"हीच ती अडकलेली दोन. मॅगझिनचे ओठ फाकले की एकाऐवजी दोन काडतुसं एकदम वर येतात आणि रायफलीचा घसा बंद होतो. सोडवायचं तर मॅगझिन उपटायचं, बोल्टचा सरकता दांडा मागे ओढायचा, दोन्ही खाली पाडायची, दुसरं मॅगझिन लावायचं. ते सगळं इथे झालं. जिथे हॅच पडला होता तिथे."

"वायपुलूनेच केलं असेल."

"उंची बघा." तिने खडकावरच्या ठिपक्यांकडे बोट दाखवलं. "वीतभर. झाडणारा जमिनीला चिकटून कुशीवर पडला होता. आणि सव्वीस वेळा रायफल बोटभरही हलली नाही. लेफ्टनंट, त्या सकाळी रेडिओची नोंद कुणी ठेवली?"

"मीच."

"डावीकडून गोळ्या सुटल्या ती वेळ?"

मला ती पाठ होती. "सहा बेचाळीस. ट्रिप ओरडला होता, डावीकडून कुणीतरी आपल्यासाठी मारतंय."

तिने कमरेच्या पिशवीतून एक छापील फोटो काढला. इस्पितळातून मागवलेला, हॅचला उतरवून घेतलं तेव्हाचा. आमच्याकडे रीत आहे. जखमीचं रक्त थांबवायला पट्टा आवळला, की आवळणाऱ्याने त्याच पट्ट्यावर शाईने वेळ लिहायची. पुढच्या डॉक्टरला पाय किती वेळ बांधलेला आहे ते कळायला हवं.

हॅचच्या पट्ट्यावर वायपुलूच्या मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, सहा बेचाळीस.

"पट्टा आवळायला दोन्ही हात लागतात," ब्रूसार्ड म्हणाली. "आणि अंगाचं सगळं वजन."

नदी कोसळत होती. वर, खूप वर, बर्फाच्या धारेवर ऊन पडलं होतं आणि ते इतकं लख्ख होतं की बघवत नव्हतं. मी त्या हातभर फटीकडे पाहत राहिलो. मांडीचं हाड फुटलेला माणूस तिथे कुशीवर पडला होता. त्याचा मित्र त्याच मांडीवर सगळं वजन टाकून पट्टा आवळत होता. हॅचची स्वतःची रायफल उघड्यावर पडलेली. त्याने मित्राची अडकलेली रायफल ओढून घेतली, मॅगझिन उपटलं, दोन काडतुसं पाडली, लपवून ठेवलेलं आपलं बंदीचं मॅगझिन लावलं आणि सव्वीस गोळ्या झाडल्या. एक, एक, एक. खिळे ठोकल्यासारख्या.

मी गणिताने चकित होणारा माणूस आहे. माणसाने चकित व्हायची मला तोवर सवय नव्हती.

"म्हणून वायपुलू गप्प आहे," मी म्हणालो. "खरं सांगितलं तर हुकूम मोडणारा हॅच ठरतो."

"हो. पण अजून एक माणूस गप्प आहे." ती उठून कपडे झटकू लागली. "हॅचने उपटलेलं ते पत्र्याचं मॅगझिन कुठे आहे? इथे नाही. चौकीवर जमा नाही. वायपुलूला सोडवणारी ती एकच वस्तू, आणि तीच कुणीतरी उचलून नेली."

५

जखमींचं सामान वर आणायला स्ट्रेचरवाल्यांबरोबर एकच माणूस खाली गेला होता. सप्लाय सार्जंट बॉइड कॅरवे. नोकरीची एकोणीस वर्षं झालेला, टेनेसीचा, बोलताना प्रत्येक वाक्याला उसासा जोडणारा.

त्याच्या कंटेनरमध्ये कॉफीचा वास होता. ब्रूसार्डला तो आधीपासून ओळखत होता.

"अडेल, तू अजून रिटायर नाही झालीस?"

"तुझ्यासारखे आहेत तोवर मला सुट्टी नाही. बॉइड, एक खेळ खेळू. मी तुला एक आकडा सांगते. तू मला एक मॅगझिन आणून दे. त्यात तेवढीच काडतुसं निघाली तर तू बोलायचं. नाही निघाली तर मी उद्या निघून जाते."

"कुठलं मॅगझिन?"

"तेवीस," ती म्हणाली.

कॅरवेने कप टेबलावर ठेवला.

"वायपुलू अठ्ठावीस भरतो. तीन झाडली, दोन अडकून पडली. राहिली तेवीस. तू ते उचललंस, बॉइड, पण रिकामं करायचं तुला सुचलं नसणार. तुला फक्त ते दिसू द्यायचं नव्हतं."

बाहेर ट्रिप कुणाच्या तरी बुटांवरून कुणाला तरी झापत होता. मग कॅरवे उठला, रंगाच्या डब्यांमागे हात घातला आणि चिंधीत गुंडाळलेलं पत्र्याचं मॅगझिन टेबलावर ठेवलं.

मी मोजली. वीस. एकवीस. बावीस. तेवीस.

बंद तंबूत डोळे मिटून कुणी आकाशातल्या ताऱ्याची जागा सांगावी आणि बाहेर जाऊन पाहावं तर तो तिथेच असावा, तसं मला झालं.

ब्रूसार्डने मॅगझिन उलटं केलं. बुडाच्या पत्र्यावर खिळ्याने फुली ओरखडलेली होती.

"ही फुली लेफ्टनंटना समजावून सांग."

कॅरवेने उसासा टाकला. "सर, मॅगझिन बिघडलं की जवान बुडाला फुली मारतो आणि माझ्या पेटीत टाकतो. खरं तर तिथल्या तिथे बुटाखाली चिरडायला हवं. पण लष्कराची वस्तू, चिरडली तर कागद कोण भरणार? म्हणून ती पेटीत पडून राहतात. सगळ्या लष्करात अशा पेट्या आहेत. परत पाठवायची म्हणतात, कुणी पाठवत नाही."

"आणि वाटपाच्या दिवशी?"

"चांगली सत्तर होती."

एकशे बारा उणे सत्तर. मी ते मनात करायच्या आधीच उत्तर माझ्या छातीत येऊन बसलं होतं.

"मी बेचाळीस त्या पेटीतून काढली," कॅरवे म्हणाला. "त्यातल्या त्यात बरी बघून. वाटलं, आठवड्यात नवी येतील. मग पुलावर हे पडलेलं दिसलं, फुलीसकट. मी खिशात घातलं. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. पोरगं बेड्यांत जाणार आणि मी इथे कॉफी पितोय. मला माझीच किळस येते, अडेल."

"एवढी कमी पडतायत हे तू कुणाला सांगितलं होतंस?"

कॅरवेने माझ्याकडे पाहिलं नाही. "ते कशाला? पेटी माझी. चूक माझी."

ब्रूसार्डही माझ्याकडे पाहत नव्हती. ती भिंग पुसत होती, फार सावकाश.

"मला सांगितलं होतं," मी म्हणालो. "दुपारी चार वाजता. म्हणाले, सर, बेचाळीस कमी आहेत. मी म्हटलं, शोधा."

६

"लेफ्टनंट, माझं काम झालं," कंटेनरबाहेर ब्रूसार्ड म्हणाली. "रायफल का अडकली ते मी लिहीन. बाकीचं लिहायचं की नाही ते तुमच्या हातात. कर्नल मॅगझिनबद्दल विचारतोय, हुकूम कसा पाळला गेला याबद्दल नाही."

"आणि हॅच? त्याने हुकूम मोडला हे लिहायचं?"

"लिहिलं नाहीत तर त्या सव्वीस गोळ्या कुणाच्या, हे कुणाला कधीच कळणार नाही. लिहिलंत तर पहिल्या ओळीत तो गुन्हेगार आहे. मला तर लोखंडाशीच बोलता येतं. माणसांचं तुम्ही बघा."

मी आधी वायपुलूकडे गेलो. तो वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला बसून हॅचचे बूट घासत होता. दोन्ही बूट. मी सगळं सांगितलं. फट, ढीग, ठिपके, पट्ट्यावरची वेळ. तो ऐकत गेला आणि हळूहळू त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"मी कुणाला नाही सांगितलं, सर," तो म्हणाला. "तुम्हाला दगडांनी सांगितलं."

"मला ते लिहावं लागेल."

"त्याने मला बजावलं होतं. पट्टा आवळताना तो ओरडला नाही, सर. शिव्या देत होता. मला! म्हणे, 'बैला, अठ्ठावीस भरतोस ना, आता बघ तीस कशाला लागतात!' आणि शेवटी म्हणाला, 'हे मॅगझिन तू पाहिलं नाहीस.' मी शब्द दिला होता."

"तू शब्द पाळलास. आता माझी पाळी."

मी अहवाल दुपारी लिहिला. दोन पानं. कर्नलला रेडिओवर वाचून दाखवायला उभा राहिलो तेव्हा माझ्या पाठीमागे ट्रिप, कॅरवे आणि वायपुलू होते. जायला मी सांगितलं नाही आणि ते गेले नाहीत.

मी वाचलं, की टॉलिव्हर चौकीच्या प्रमुखाला बेचाळीस मॅगझिन कमी असल्याचं सांगण्यात आलं होतं, आणि तरी त्याने त्या संध्याकाळी आकडा जुळवून घेतला. ती तूट वर कळवणं त्याचं काम होतं, ते त्याने केलं नाही. त्या आकड्यातलं एक बाद मॅगझिन कॉर्पोरल वायपुलूच्या हाती गेलं आणि लढाईत त्याचे ओठ फाकले. सप्लाय सार्जंटने पुरावा लपवला, पण विचारल्यावर स्वतः काढून दिला. वायपुलूने कुठलाही हुकूम मोडला नाही. हॅचने मोडला. त्याच्याकडे बंदी असलेलं एक मॅगझिन होतं. त्याने ते कशासाठी आणि कसं वापरलं, हे मी पुढच्या परिच्छेदात, वीतभराच्या मोजमापासकट, सांगितलं होतं.

वाचून झालं. रेडिओत खरखर चालू होती. कर्नल रागीट माणूस. मी ओरडा ऐकायच्या तयारीत उभा राहिलो.

"रूर्क."

"सर."

"पहिला परिच्छेद लिहायची तुला कुणी सक्ती केली होती?"

"नाही, सर."

"त्याने तुझी चौकी जाईल, हे कळतंय?"

"हो, सर."

पुन्हा खरखर. मागे कुणीतरी खोकलं.

"वायपुलूचं आरोपपत्र फाड. कॅरवेला गुरुवारी माझ्याकडे पाठव, त्याच्याबरोबर तूही ये. तुझ्या जागी कोण, ते मी बघतो." तो थांबला. "डॉक्टर म्हणतात हॅचने सकाळी पाणी मागितलं."

वायपुलूच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला शब्द म्हणता येणार नाही. ट्रिपने त्याच्या दंडाला धरलं, पण धरून ठेवणारा ट्रिपच हलत होता.

"त्याचं काय करायचं, सर?" मी विचारलं. "हॅचचं?"

कर्नलचा आवाज आला, पण तो हुकूम देणाऱ्याचा आवाज नव्हता.

"ते शेवटचं, रूर्क. तो खडक आणि त्या पुंगळ्या. सावकाश, पुन्हा एकदा वाच."